नटाची उंची आणि जोडाची बळकटी

गावातील हातपंप बंद पडला की पंचायतीकडे तक्रार येते, पंचायत समितीला कळविले जाते आणि दुरुस्ती पथकाची वाट पाहिली जाते. पंप उघडल्यावर पुष्कळदा असे आढळते की दांडा शाबूत आहे, साखळी शाबूत आहे, नळही शाबूत आहेत. मात्र एखाद्या जोडाचा नट सैल पडून सारा पंप डळमळू लागला आहे. पथक तो नट आवळू पाहते, तेव्हा तो नुसताच गोल फिरत राहतो. कारागीर म्हणतो, "आटे गेले." काही रुपयांच्या वस्तूपायी काही दिवस गावाला पाण्यासाठी दूर जावे लागते.

हातपंप हे केवळ उदाहरण झाले. शाळेच्या छपराच्या पोलादी कैच्या, ओढ्यावरील लहान साकव, पाणीपुरवठा योजनेचे पंपसंच, विजेचे खांब, बैलगाडीचा आस आणि ट्रॅक्टरची चाके या सर्वांना एकत्र धरून ठेवणारी वस्तू एकच, ती म्हणजे नट आणि बोल्ट. खरेदीच्या वेळी बोल्टाचा व्यास आणि लांबी पाहिली जाते. नटाकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. तो बोल्टावर फिरला म्हणजे झाले, असा समज आहे. वस्तुतः जोडाची बळकटी जितकी बोल्टाच्या जाडीवर अवलंबून असते, तितकीच ती नटाच्या उंचीवरही अवलंबून असते. ही उंची किती असावी, तितकीच का असावी आणि ती कमी पडल्यास काय होते, याची माहिती सार्वजनिक कामांशी संबंध येणाऱ्या प्रत्येकास असणे अगत्याचे आहे.

बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग

बोल्टावरील आटा म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेला एक उतार होय. काटकोन त्रिकोणाच्या आकाराचा कागद पेन्सिलीभोवती गुंडाळला, तर त्याची तिरपी कड पेन्सिलीवर आट्यासारखी चढत जाताना दिसते. नट फिरविला की तो या उतारावरून सरकतो आणि जोडावयाच्या दोन वस्तूंना एकमेकींवर दाबू लागतो. वस्तू दाबल्या जातात, तसा बोल्ट किंचित ताणला जातो. ताणलेली स्प्रिंग ज्याप्रमाणे आखडू पाहते, त्याप्रमाणे हा बोल्टही आखडू पाहतो आणि त्या ओढीनेच जोड घट्ट राहतो.

ही ओढ केवढी असते, याची सामान्य माणसास कल्पना नसते. बारा मिलिमीटर व्यासाच्या बोल्टावर २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याने साधारण १५ किलोचा जोर लावला, तर बोल्टात सुमारे दीड टनाची ओढ निर्माण होते. वास्तविक लावलेल्या श्रमांपैकी बहुतांश भाग आट्यांच्या व नटाच्या बुडाच्या घर्षणात खर्ची पडतो. साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. तरीही उताराच्या लाभामुळे एवढी मोठी ओढ साध्य होते. ही सारी ओढ बोल्टाकडून नटाकडे जाते ती केवळ एकमेकांत गुंतलेल्या आट्यांमधून. नट उंच असेल तर अधिक आटे गुंततात, बुटका असेल तर कमी.

जोड निकामी होण्याच्या तीन रीती

ओढ प्रमाणाबाहेर वाढली, तर जोड तीनपैकी एका रीतीने निकामी होतो. पहिल्या रीतीत बोल्टाचा दांडाच तुटतो. तुटण्याची जागा बहुधा नटाच्या बुडाशी किंवा आट्यांच्या आरंभी असते. दुसऱ्या रीतीत बोल्टावरील आटे बुडापासून कातरले जातात आणि नट त्यांना घेऊन सरकतो. तिसऱ्या रीतीत नटाच्या आतील आटे कातरले जातात. दुसऱ्या व तिसऱ्या रीतीलाच कारागीर "आटे गेले" असे म्हणतात.

बोल्ट तुटण्यास किती ओढ लागेल, हे त्याच्या जाडीवर व पोलादाच्या जातीवर ठरते. नट बदलल्याने त्यात फरक पडत नाही. आटे कातरले जाण्यास किती ओढ लागेल, हे मात्र किती आटे गुंतले आहेत यावर ठरते. नटाची उंची दुप्पट केली, तर कातरावयाचे क्षेत्रही जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे उंची वाढवीत गेल्यास एक मर्यादा अशी येते की तेथून पुढे आटे टिकतात आणि बोल्टच आधी तुटतो. नटाची योग्य उंची म्हणतात ती ही मर्यादा ओलांडणारी उंची होय.

बोल्ट आधी तुटावा, हेच इष्ट

येथे स्वाभाविकपणे प्रश्न उद्भवतो की दोन्ही रीतींनी जोड जर निकामीच होणार, तर बोल्ट तुटला काय आणि आटे गेले काय, फरक कोणता? फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे.

बोल्ट तुटला तर ते कळते. बहुतेक वेळा तो आवळतानाच तुटतो. आवाज होतो, हातातील पाना सुटतो, बोल्टाचा तुकडा हाती येतो. कारागीर नवा बोल्ट बसवितो आणि काम पुढे चालू होते. आटे कातरले जाणे ही क्रिया मात्र हळूहळू व दृष्टीआड घडते. आवळताना आटे थोडे वाकतात, थोडे झिजतात. नट फिरविण्यास किंचित सैल लागतो, इतकेच. बाहेरून पाहता बोल्ट जागच्या जागी, नट जागच्या जागी. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यास तो जोड निर्दोष दिसतो. परंतु आत अर्धे आटे निकामी झालेले असतात आणि पुढे केव्हा तरी, भर कामात, वाऱ्याच्या झोताने वा वाहनाच्या हादऱ्याने तो जोड सुटतो. छप्पर असो वा साकव, त्या वेळी त्याखाली माणसे असण्याचा संभव असतो.

यास्तव अभियांत्रिकीतील नियम असा की नट इतका उंच असावा की आटे जाण्यापूर्वी बोल्ट तुटला पाहिजे. दोष घडणारच असेल, तर तो डोळ्यांना दिसेल अशा ठिकाणी आणि काम चालू असतानाच घडावा, हे या नियमाचे मर्म आहे.

उंची किती असावी?

कागदावर हिशेब मांडला तर असे दिसते की नट व बोल्ट एकाच प्रतीच्या पोलादाचे असल्यास बोल्टाच्या व्यासाच्या निम्म्याहून थोडी अधिक उंची पुरेशी ठरावी. प्रत्यक्षात मात्र पूर्ण नटाची उंची व्यासाच्या सुमारे नऊदशांश ठेवली जाते. या फरकाची कारणे पाच आहेत.

पहिले कारण असे की नटाच्या दोन्ही तोंडांशी आटे खोलगट कापलेले असतात, जेणेकरून बोल्ट सहज आत शिरावा. त्यामुळे संपूर्ण उंची कामास येत नाही. दुसरे, कारखान्यात तयार होणाऱ्या मालात मापाची थोडी सूट द्यावीच लागते. बोल्ट किंचित बारीक आणि नटाचे भोक किंचित मोठे निघाले की आट्यांची गुंतण घटते. तिसरे कारण म्हणजे आट्याचा आकार पाचरीसारखा असतो. मेट्रिक आट्याच्या दोन बाजूंमधील कोन ६० अंशांचा असल्याने बोल्टाची ओढ नटास केवळ वर ढकलत नाही, तर आतून बाहेरही रेटते. नट अतिसूक्ष्म प्रमाणात फुगतो आणि आटे एकमेकांपासून दूर सरतात. चौथे, भार आला की आटे स्वतःही वाकतात. पाचवे, नट पुष्कळदा बोल्टापेक्षा मऊ पोलादाचा असतो. हे सर्व लक्षात घेऊन उंचीत भर घालावी लागते.

बारा मिलिमीटर व्यासाच्या नेहमीच्या बोल्टावर दोन लगतच्या आट्यांमधील अंतर १.७५ मिलिमीटर असते. प्रचलित मानकाप्रमाणे त्याच्या पूर्ण नटाची कमाल उंची १०.८ मिलिमीटर आहे. म्हणजे नटात सुमारे सहा आटे बसतात आणि तोंडाकडील अपुरे आटे वजा जाता पाच तरी कामाचे राहतात. याच मापाच्या पातळ नटाची उंची केवळ ६ मिलिमीटर असते. त्यात कामाचे आटे जेमतेम अडीच ते तीनच उरतात. दोन्ही नट एकाच बोल्टावर सारख्याच सहजतेने फिरतात. पण दोहोंची ताकद मात्र सारखी नसते.

अधिक उंच नट अधिक बळकट काय?

उंचीने बळकटी वाढते, तर नट दुप्पट-तिप्पट उंच का करू नये, असे कोणासही वाटेल. याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल.

पहिला भाग असा की बोल्ट तुटण्याची मर्यादा एकदा ओलांडली की नटाची अधिक उंची निरुपयोगी ठरते. दोर जेथे कच्चा तेथेच तुटतो. गाठ कितीही मोठी मारली तरी दोराची ताकद वाढत नाही.

दुसरा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. नटातील सर्व आटे भार सारखा वाटून घेतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. बोल्ट ताणला जातो तेव्हा तो लांबतो, आणि नट दाबला जातो तेव्हा तो आखडतो. या विरुद्ध हालचालींमुळे जोडाकडील पहिल्या आट्यावर सर्वांत जास्त भार येतो. सुमारे सहा आट्यांच्या नटात एकूण भाराचा साधारण एकतृतीयांश हिस्सा एकटा पहिला आटा उचलतो आणि पहिले तीन आटे मिळून दोनतृतीयांशाहून अधिक भार घेतात. शेवटच्या आट्याच्या वाट्यास फारच थोडा भार येतो. १९४० मध्ये गुडियर आणि १९४८ मध्ये सॉपविथ या संशोधकांनी भाराच्या या विषम वाटणीचे गणित मांडले.

मग अखेरच्या आट्यांचा उपयोग काय? पोलाद हा लवचीक तसाच चिवट धातू आहे. भार फार वाढला की पहिला आटा नमतो आणि आपला काही भार दुसऱ्याकडे देतो, दुसरा तिसऱ्याकडे. असे होत होत अंतिम क्षणी सर्व आटे कामास लागतात. म्हणूनच एकाच वेळी येणाऱ्या मोठ्या ओढीस नटाची पूर्ण उंची उपयोगी पडते. परंतु हातपंप, इंजिन अथवा पूल यांतील बोल्टांवर कमी-अधिक भार लाखो वेळा येतो. तशा वेळी धातूस थकवा येतो आणि सूक्ष्म तडा पडतो तो पहिल्याच गुंतलेल्या आट्याच्या बुडाशी. तेथे नट उंच करून विशेष लाभ होत नाही. तेथे उपाय एकच, बोल्ट आरंभीच योग्य तितका आवळणे, म्हणजे बदलत्या भाराचा थोडाच अंश बोल्टापर्यंत पोहोचतो.

मापांच्या मानकांचा इतिहास

नट-बोल्टांच्या मापांत एकवाक्यता आणण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी ५५ अंश कोनाच्या आट्यांची एक सुसंगत श्रेणी सुचविली. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत आणि एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टास लागत नसे. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंश कोनाचा आटा पुढे मांडला. आजचा मेट्रिक आटाही ६० अंशांचाच आहे. भारतात १९५६ च्या वजने व मापे यांविषयीच्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धतीचा अवलंब होत गेला आणि भारतीय मानक संस्थेने नट-बोल्टांचीही मेट्रिक मानके तयार केली. ही संस्था १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो या नावाने कार्य करीत आहे.

दीर्घकाळपर्यंत नटाची उंची व्यासाच्या आठदशांश ठेवण्याची रीत होती. दरम्यान बोल्टांचे पोलाद अधिकाधिक बळकट होत गेले. बोल्टाची ताकद वाढली आणि नट मात्र होता तेवढाच राहिला, तेव्हा बोल्ट तुटण्याऐवजी आटे जाण्याचा धोका निर्माण झाला. १९७७ मध्ये ई. एम. अलेक्झांडर या अभियंत्याने आट्यांची गुंतण, नटाचे फुगणे, आट्यांचे वाकणे आणि दोन्ही पोलादांचे परस्पर बळ यांचा एकत्र हिशेब मांडून नटाची उंची ठरविण्याची पद्धत दिली. आंतरराष्ट्रीय मानकांतील उंची याच विचाराने वाढविण्यात आली. बारा मिलिमीटरच्या नटाची उंची जुन्या जर्मन मानकात १० मिलिमीटर होती, ती १०.८ झाली, सोळाच्या नटाची १३ वरून १४.८ आणि विसाच्या नटाची १६ वरून १८ मिलिमीटर झाली. वाढ दिसावयास एक-दोन मिलिमीटरांची. परंतु जोड उघडपणे तुटणार की लपूनछपून सुटणार, हे त्यावर ठरते.

पातळ नटाचे स्थान

बाजारात मिळणारा पातळ नट हा सदोष माल नव्हे. त्याचे काम निराळे आहे. हादऱ्याने नट सैल होऊ नये म्हणून एकावर एक दोन नट बसवितात, तेव्हा त्यांतील एक पातळ असतो. या पातळ नटाने एकट्याने पूर्ण भार उचलावा, अशी अपेक्षाच नसते. त्याच्या अंगावर ०४ किंवा ०५ असा अंक असतो. आरंभीचे शून्य हीच खूण की हा नट पूर्ण भाराचा नाही. बारा मिलिमीटर मापाच्या ०४ प्रतीच्या नटाची चाचणी-भारक्षमता सुमारे सव्वातीन टन असते, तर त्याच मापाच्या ८.८ प्रतीच्या बोल्टाची तुटण्याची मर्यादा पावणेसात टनांच्या वर असते. असा बोल्ट आणि असा नट यांची जोडी म्हणजे बोल्टावरील निम्म्याहून अधिक खर्च वाया घालविणे होय.

दोन नट वापरताना क्रमाची एक चूक सर्रास आढळते. जाड नट आधी आवळून त्यावर पातळ नट टोपीसारखा चढविला जातो. योग्य क्रम याच्या उलट आहे. पातळ नट जोडाकडे आणि पूर्ण उंचीचा नट त्याच्या वर असावा. आधी पातळ नट मध्यम जोराने आवळावा. मग तो एका पान्याने धरून ठेवून वरचा नट दुसऱ्या पान्याने पूर्ण जोराने आवळावा. असे केल्याने वरचा नट बोल्टास आपल्याकडे ओढून घेतो आणि प्रत्यक्ष भार त्याच्याच आट्यांवर येतो. भार उचलण्याचे काम ज्याच्याकडे आहे, त्याचीच उंची पूर्ण असावयास हवी.

उंची पुरेशी, तरीही जोड कच्चा

नटाची उंची योग्य असूनही जोड कच्चा राहू शकतो. त्याची चार कारणे नेहमी दृष्टोत्पत्तीस येतात.

एक, नट व बोल्ट यांच्या प्रतींचा मेळ नसणे. बोल्टाच्या डोक्यावर ४.६, ५.६, ८.८ किंवा १०.९ असे अंक असतात. पहिल्या अंकास शंभराने गुणले असता पोलादाची तुटण्याची मर्यादा दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन, हे कळते. ८.८ म्हणजे ८०० न्यूटन, अर्थात सुमारे ८० किलो. नटावर एकच अंक असतो. ८.८ च्या बोल्टास ८ अंकाचा आणि १०.९ च्या बोल्टास १० अंकाचा नट हवा. अधिक वरच्या प्रतीचा नट चालेल. खालच्या प्रतीचा नव्हे.

दोन, जस्ताचा लेप. गंज टाळण्यासाठी बोल्ट वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. त्यामुळे आटे जाड होतात आणि नटाचे आटे मुद्दाम थोडे मोठे कापावे लागतात. असा नट साध्या बोल्टावर चढविल्यास तो सैल बसतो आणि आट्यांची गुंतण घटते. म्हणून जस्तलेपित बोल्ट आणि नट एकाच पुरवठ्यातील व जोडीनेच घ्यावेत.

तीन, इंच व मेट्रिक मापांची सरमिसळ. तीनअष्टमांश इंचाचा जुना बोल्ट साडेनऊ मिलिमीटरचा असतो. तो दहा मिलिमीटरच्या नटात काही आटे आत शिरतो आणि बसला असे वाटते. पण आट्यांची खोल गुंतण बऱ्याच प्रमाणात कमी झालेली असते. नटाची उंची पूर्ण असूनही ती निष्फळ होते.

चार, बोल्ट आखूड असणे. बोल्टाचे टोक नटाच्या आतच राहिले, तर नटाचे वरचे आटे रिकामे राहतात आणि उंच नटाचा बुटका नट होतो. आवळल्यानंतर नटाच्या वर बोल्टाचा किमान एक पूर्ण आटा दिसलाच पाहिजे. हा नियम तपासण्यास कोणतेही उपकरण लागत नाही.

डोळ्यांनी केलेल्या जुळवणीचे मोल

आट्यांची अपुरी गुंतण केवढा अनर्थ ओढवू शकते, याचा दाखला विमान वाहतुकीच्या क्षेत्रात नोंदला गेला आहे. १० जून १९९० रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागा येथे निघालेल्या एका प्रवासी विमानाची वैमानिकासमोरील काच सुमारे १७,३०० फूट उंचीवर निखळून बाहेर फेकली गेली. मुख्य वैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले आणि सहवैमानिकाने साउदम्प्टन येथे विमान सुखरूप उतरविले. विमानातील सर्व ८७ जण वाचले.

चौकशीत आढळले की आदल्या दिवशीच ती काच नव्याने बसविण्यात आली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट विहित व्यासापेक्षा ०.०२६ इंच, म्हणजे मिलिमीटरच्या दोनतृतीयांशाइतके बारीक होते. उरलेले सहा बोल्ट योग्य व्यासाचे, पण एकदशांश इंचाने आखूड होते. जुना बोल्ट हाती घेऊन त्याच्यासारखा दिसणारा नवा बोल्ट नजरेने निवडण्यात आला होता. बारीक बोल्ट नटात फिरले, आवळल्यासारखेही वाटले; परंतु आट्यांची गुंतण अपुरी असल्याने हवेच्या दाबापुढे ते टिकू शकले नाहीत.

विमान आणि गावचा हातपंप यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरे. तथापि चुकीची जात एकच आहे. जुना बोल्ट खिशात घालून दुकानात जाणे आणि "असाच द्या" म्हणून तत्सम दिसणारा माल आणणे, ही पद्धत आपल्याकडेही रूढ आहे.

हातपंपाचे उदाहरण

भारतात सर्वत्र वापरला जाणारा इंडिया मार्क दोन हा हातपंप १९७० च्या दशकात विकसित झाला. त्याच्या रचनेचा उगम महाराष्ट्रात, जालना व सोलापूर येथे विंधण विहिरींच्या कामातून तयार झालेल्या पोलादी पंपांत आहे. या पंपाच्या सिलिंडरचा आतील व्यास ६३.५ मिलिमीटर असतो. पाणी ३० मीटर खोल असेल, तर दांडा दाबताना पाण्याच्या स्तंभाचे सुमारे ९५ किलो आणि लोखंडी सळ्यांचे सुमारे २५ किलो वजन उचलावे लागते. मिनिटास सुमारे ४० वेळा हे घडते. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत हजारो वेळा भार येतो आणि जातो.

बोल्टाच्या ताकदीच्या मानाने हा भार थोडाच आहे. बारा मिलिमीटरचा साधा ४.६ प्रतीचा बोल्टदेखील सुमारे साडेतीन टनांपर्यंत तुटत नाही. मग आटे जातात कशाने? ते जातात बहुधा आवळतानाच. नट सैल होऊ नये या सद्हेतूने पान्यावर मीटरभर लांबीचा नळ चढवून जोर लावला जातो. २५ सेंटिमीटरच्या पान्याने दीड टनाची ओढ येत असेल, तर मीटरभर लांबीने त्याच जोरात ती चौपट, म्हणजे सहा टनांच्या घरात जाऊ पाहते. नट पूर्ण उंचीचा असेल तर बोल्ट तुटतो आणि चूक तिथल्या तिथे ध्यानात येते. नट बुटका असेल तर आटे अर्धवट कातरले जातात, पथक समाधानाने परत जाते आणि पुढे काही आठवड्यांत पंप पुन्हा डळमळू लागतो.

पंचायत, अधिकारी आणि शिक्षक

या माहितीचा प्रत्यक्ष उपयोग करण्यास मोठा खर्च येत नाही. खरेदीच्या मागणीपत्रात "नट-बोल्ट, बारा मि.मी." एवढेच लिहून न थांबता व्यास, लांबी, बोल्टाची प्रत, नटाची प्रत, पूर्ण उंचीचा की पातळ आणि लेप कोणता, हे सर्व नमूद करावे. षट्कोनी नट-बोल्टांच्या मापांसाठी भारतीय मानक १३६३ व १३६४ आणि त्यांच्या बळकटीसाठी १३६७ ही मानके उपलब्ध आहेत. मागणीपत्रात मानकाचा क्रमांक घातला की निकृष्ट माल परत करण्यास आधार मिळतो.

माल ताब्यात घेताना प्रत्येक खोक्यातील चार-दोन नट काढून त्यांची उंची व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. तो नसल्यास साध्या मोजपट्टीनेही ढोबळ अंदाज येतो. उंची व्यासाच्या आठदशांशाहून कमी भरली, तर तो नट भार उचलण्याच्या जोडास वापरू नये. नटावर प्रतीचा अंक नसेल, तर महत्त्वाच्या जोडास तो घेऊच नये. काम पूर्ण झाल्यावर पाहणी करणाऱ्याने प्रत्येक नटाच्या वर बोल्टाचा एक तरी आटा दिसतो किंवा नाही, हे पाहावे. ज्या नटाचे आटे एकदा गेले, तो पुन्हा वापरण्यासाठी पेटीत ठेवू नये. त्याचा बोल्टही तपासल्याशिवाय वापरू नये.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज नेता येईल. पेन्सिलीभोवती त्रिकोणी कागद गुंडाळून आट्याचे तत्त्व दाखविता येते. गावातील सायकल दुरुस्तीच्या दुकानातून वा लोहाराकडून निरनिराळ्या मापांचे नट आणून मुलांकडून त्यांचे व्यास व उंची मोजून घ्यावी आणि उंचीस व्यासाने भागून गुणोत्तर काढावयास सांगावे. कोणता नट पूर्ण आणि कोणता पातळ, हे मुले स्वतःच सांगू लागतील. दशांश अपूर्णांक, गुणोत्तर आणि उतार हे तीन धडे एका मूठभर लोखंडातून शिकविता येतात. पुढे हीच मुले पंचायतीत बसतील आणि दुरुस्ती पथकातही जातील.

सार्वजनिक बांधकामाची गुणवत्ता मोठ्या तुळया आणि भक्कम खांब यांवरून जोखली जाते. परंतु तुळई खांबाशी जेथे जोडली जाते, तेथे सारा भरवसा पाच-सहा आट्यांवर असतो. ते आटे पुरेसे आहेत की नाहीत, हे पाहण्यास मोजपट्टी आणि दोन मिनिटांचा वेळ लागतो. माल स्वीकारण्यापूर्वी ही दोन मिनिटे खर्च करण्याची सवय प्रत्येक पंचायतीने लावून घेतली, तर अनेक पंप, छपरे आणि साकव अकाली निकामी होण्यापासून वाचतील.